ओठ न मिटणारी भाषा

इंदुबाई: मला फोनवर 'बरी हाय' एवढंच बोलली, नि तुझ्याशी मात्र घडाघडा. काय सांगत होती गो तुझी ताई?

नमिता: तेच जुळवतेय.

इंदुबाई: जुळवतेस काय? तिचं लग्न होऊन महिना नाय झाला, नि बहिणीची बोली कळेनाशी झाली? भाषा तुम्ही दोघींनीच काढलीत ना?

नमिता: तू पिशवी भरून कुठे निघालीस?

इंदुबाई: रोह्याला. रडत असेल तर घेऊनच येते प्रतिक्षाला. सांग, रडत होती?

नमिता: 'रेकू' बोलली. म्हणजे रडू.

इंदुबाई: झालं. चपला कुठे माझ्या?

नमिता: थांब ना. 'रेकू' नाय, 'रेपू' बोलली. नि आमच्या भाषेत प नायच. प, फ, ब, भ, म, ओठाला ओठ लागेल असं काहीच नाय.

इंदुबाई: का, ओठ गहाण पडलेले?

नमिता: कारखान्यात गणपती रंगवताना एक कुंचला हातात, दुसरा दातात. ओठ मिटणार कसे? गिऱ्हाइकासमोर तसंच बोलायचो. बाबांना 'गागा' म्हणायचो.

इंदुबाई: तरीच ते म्हणायचे, पोरींनी कावळे पाळलेत. पण आता तिच्या दातात कुठे कुंचला हाय?

नमिता: घरी तरी कुठे होता? तेव्हापण प यायचा नाय. हा प तिचा नाय, आई. कुणाचातरी लागलाय.

इंदुबाई: प काय खरूज हाय, लागायला?

नमिता: तिने भाषा शिकवलीय कुणालातरी. त्याला ओठ उघडे ठेवायला जमत नाय, मध्येच प घालतो. त्याच्याशी बोलून हिचंपण तसंच झालं.

इंदुबाई: त्याच्याशी म्हणजे?

नमिता: मागून निकेश भावोजी काहीतरी बोलले. सगळं प-प-प. नि ताई हसली.

इंदुबाई: हसली? नि हे आता सांगतेस?

नमिता: पण 'रेपू' म्हणजे रडूच. हसत हसत रडू येतं म्हणाली. मला खरंच कळलं नाय.

इंदुबाई: मला कळलं. रडू येतंय, नि ते सांगायला माणूस मिळालाय.

(पिशवीतली साडी काढून घडी घालते.)

नमिता: जात नायस?

इंदुबाई: जावयाची शिकवणी कशाला मोडू? सणाला येतीलच.

नमिता: माझ्याशी तरी आमच्यासारखं बोलायचं होतं तिने. आता कारखान्यात मी कुणाशी बोलू?

इंदुबाई: माझ्याशी.

नमिता: तुला एक शब्द कळत नाय.

इंदुबाई: आजवर तरी कुठे कळत होता? तरी मी दाराआड उभी राहून ऐकायचेच ना.