चोवीस ग्रॅमचे एकतीस ग्रॅम

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, वकील संघाचे पदाधिकारी, माझे सहकारी न्यायाधीश, जमलेल्या बंधू-भगिनींनो, आणि अजूनही दाराशी ताठ उभे असलेले आमचे पट्टेवाले काका... काका, आज कुणाला पुकारायचं नाहीये, बसून घ्या.

माझ्याबद्दल आत्ता चार जण बोलले. मी शांत, मी वक्तशीर, माझं अक्षर सुरेख. पण एक गोष्ट चौघांनीही ओल्या फरशीवरून जावं तशी जपून ओलांडली. ती मीच सांगते. सहा वर्षांपूर्वी अमली पदार्थांच्या एका मोठ्या खटल्यात मी दोघांना जामीन दिला. अध्यक्ष महोदयांनी घड्याळ पाहिलं. अवश्य पाहा. अठ्ठावीस वर्षं मी इतरांचे युक्तिवाद ऐकले. आज निवृत्त होताना माझा ऐका.

एका पार्सल कंपनीच्या गोदामात, खोक्यांच्या तळाशी अकरा किलो हेरॉईन सापडलं. मालक पसार झाला. सापडले कोण? खोक्यांना चिकटपट्टी लावणारी एक बाई आणि ती खोकी वाहणारा टेम्पोवाला. माझ्यासमोर अर्ज आला तेव्हा दोघांना तुरुंगात चार वर्षं आणि दोन महिने झाले होते. एकोणतीस तारखा पडल्या होत्या. साक्षीदार? एकही नाही. छापा घालणारे अधिकारी कधी बंदोबस्तात, कधी रजेवर, कधी नुसतेच गैरहजर.

अशा गुन्ह्यात जामीन सहज मिळत नाही, आणि मिळूही नये. म्हणून मी कागद तीनदा वाचले. पंचनाम्यात नमुना होता चोवीस ग्रॅमचा. प्रयोगशाळेत पोहोचला तेव्हा एकतीस ग्रॅम! वाटेत माल वाढतो का हो? सरकारी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "साक्षीच्या वेळी खुलासा होईल." मी विचारलं, "साक्ष कधी?" ते पंख्याकडे बघायला लागले.

बाईची मुलगी आजीबरोबर कोर्टात आली होती. आई पकडली गेली तेव्हा ती जेमतेम चालत होती. आता अंगावर शाळेचा गणवेश होता. पिंजऱ्यापाशी चार-पाच बायका उभ्या होत्या. पोरीनं आजीला विचारलं, "यातली माझी आई कुठली?"

आता कुणी म्हणेल, न्यायाधीशबाईंना स्वतःला झळ लागली नसेल. लागली होती. त्याआधी तीन वर्षं माझ्या धाकट्या भावाची मुलगी याच विषानं गेली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. वसतिगृहातल्या न्हाणीघराचं दार माझ्या भावानं खांद्यानं तोडलं. हे मी सुनावणीआधी भर कोर्टात सांगितलं आणि विचारलं, कुणाची हरकत आहे का? सरकारी वकील लगबगीनं म्हणाले, "मुळीच नाही!" त्यांना वाटलं असणार, आता जामीन कसला मिळतोय.

मी जामीन दिला. संध्याकाळी भावाचा फोन.

"ताई, तू त्यांना सोडलंस?"

"सोडलं नाही रे. खटला चालूच आहे."

"मला शब्द शिकवू नकोस. माझी पोर गेली, आणि तू त्यांना घरी पाठवलंस."

त्यानंतर अकरा महिने तो माझ्याशी बोलला नाही. वर्तमानपत्रांनी मला 'नशेबाजांची माउली' केलं. माझी बदली मोटार अपघातांच्या दाव्यांवर झाली. तिसऱ्याच महिन्यात टेम्पोवाला पळाला, तो अजून सापडलेला नाही. कुजबुजू नका, मीच सांगतेय ना? तो पळणार नाही असं मी लिहिलं होतं. तो अंदाज चुकला. मला त्याचं दुःख आहे.

बाई मात्र प्रत्येक तारखेला हजर. एके दिवशी माझा भाऊ तिला बघायला म्हणून कोर्टात गेला आणि मागच्या बाकावर बसून राहिला. तिथून थेट माझ्या दारात.

"ती आली होती, ताई. तो अधिकारी नाही आला."

"मग?"

"माझ्या पोरीच्या खटल्यातही तोच साक्षीदार आहे. तिथेही येत नाही. तिला पुडी विकणारा हसत बाहेर पडतो दर वेळी." मग म्हणाला, "तुझ्यावरचा राग गेलेला नाही. चहा टाक."

त्यानंतर त्यानं अर्जामागून अर्ज केले. शेवटी अधिकाऱ्यांवर वॉरंट निघालं, ते आले. पुडीवाल्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. पार्सलच्या खटल्यात त्याच अधिकाऱ्यांना चोविसाचे एकतीस कसे झाले, असं विचारलं, तर उत्तर आलं, "आठवत नाही." बाई गेल्या वर्षी निर्दोष सुटली.

आता लोक येऊन सांगतात, "बघा, तुम्ही बरोबर होता." नाही! ती दोषी ठरली असती तरी माझा आदेश बरोबरच होता. साक्षीदार आणायचा नाही, वजन जुळवायचं नाही, आणि माणूस मात्र आत कुजवायचा, याला मी शिक्षा म्हणत नाही, न्याय तर नाहीच. इथे बसलेल्या तरुण न्यायाधीशांनो, बदलीला घाबरून 'अर्ज नामंजूर' लिहाल, तेव्हा निदान तो कागद आधी वाचा.

माझा भाऊ तिसऱ्या रांगेत बसलाय. आजही त्याला माझं सगळं पटलेलं नाही. तो आला, हेच खूप.

आपण सर्वांनी जो मान दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, वेळ जास्त घेतला असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर पदरात घ्यावं. तेवढ्या एका आदेशाबद्दल मात्र क्षमा मागणार नाही.