दौलतरावांचं मुंडण

नाही, इथंच. बाहेर नाही म्हटलं ना एकदा? कडी लाव — वरची, खालची लागत नाही. आणि तो वस्तरा आधी पेटीत टाक रामभाऊ, उगाच हातात नाचवू नकोस. बस. सतरंज्यांवर बस, त्या चीवरांच्या गठ्ठ्याला टेकू नकोस, कालच इस्त्री करून आणलीत. असा बघतोस काय? दौलतराव घाबरला असं वाटलं तुला? बाहेर वीस जण डोकी ओली करून बसलेत, तुझा भाऊ आहे ना तिथं, तो करील सुरू. विहाराचा अध्यक्ष शेवटी बसला तर काय छप्पर पडणार आहे? श्रामणेर शिबिराच्या पत्रिकेत पहिलं नाव माझं आहे, माहीत आहे मला, पत्रिका मीच छापून आणली — दहा दिवस भिक्खूसारखं राहायचं, मुंडण करायचं, चीवर घालायचं, एक वेळ जेवायचं, सगळं मीच लिहिलं त्यात. पण पहिलं नाव म्हणजे पहिलं डोकं, असं कुठं छापलंय? — हसू नकोस. तू हसलास की मला तुझ्या आज्याची आठवण येते, मी त्याला कधी बघितलेला नसला तरी.

ऐक. काम सोपं आहे. माझ्या डोक्यात फोड आलाय. मोठा आहे, पिकलाय, चारचौघांत वस्तरा चालवण्यासारखा नाही. म्हणून माझं इथं आत उरकायचं, आणि बाहेर जाऊन तू सांगायचं, साहेबांना फोड आहे म्हणून आत केलं. बस, एवढंच. — बघू म्हणजे काय बघू? डॉक्टर लागून गेलास का? — अरे, हात मागे! हात मागे घे म्हटलं ना! केसाला हात लावलास तर याद राख, रामभाऊ... बस. खाली बस आधी. — बरं. नाही फोड. फोडबीड काही नाही. विग आहे हा. टोप, टोप! नाटकवाले घालतात ना — तसला नाही, ते भिकार असतात, हा हाँगकाँगचा आहे. दहा वर्षं झाली. ब्याऐंशीला टायफॉइड झाला, उशीवर मूठमूठ केस, महिनाभर सिक लीव्ह काढली आणि फॅक्टरीत परत जॉइन झालो तो हा घालूनच. कॅम्प पाचमध्ये एक सिंधी टोपवाला होता, म्हणाला, साईं, आंधी में भी नहीं हिलेगा. आणि नाहीच हलला. फॅक्टरीत कुणाला माहीत नाही, विहारात नाही, माझ्या पोरींना नाही. सुनंदाला तेवढं माहीत — बायकोपासून काय लपवणार, आणि तिची काय टाप आहे कुणाला सांगायची. यंदाच्या जयंतीचंच बघ ना. मिरवणुकीत ऊन लागून मी चौकात आडवा झालो, तू होतास की तिथं, तुझ्या टपरीसमोरच पडलो — दहा मिनिटं शुद्ध नव्हती, बायकांनी पाणी मारलं, कांदा फोडून नाकाला लावला, आणि डोळे उघडून चाचपतो तर काय, जागच्या जागी! भांग जरा उजवीकडे गेला होता, तेवढंच. असा माल आहे. — आणि सोपं नसतं ते, तुला काय कळणार. दर महिन्याला मी सगळ्यांना सांगून कुळगावला जातो, केस कापायला म्हणून. तिथं स्टेशनबाहेर एक चहा पितो, मानेवर थोडी पावडर मारतो, परत येतो. दहा वर्षं. तू एकदाही विचारलं नाहीस की साहेब, दारात माझी टपरी असताना कुळगावला कशाला. म्हणून तू मला बरा वाटायचास. आता नाही वाटत.

मग नाव कशाला दिलं? हेच ना? विचार ना तोंडानं, डोळ्यांनी काय विचारतोस. ती पद्मजा — तिच्यामुळे झालं सगळं. टेलिफोन ऑफिसात आहे ती, स्वतःला फार समजते. आषाढ पौर्णिमेला आमच्या बायका अष्टशील घेतात. तुला नाही माहीत, तर सांगतो. पांढरं नेसायचं, दुपारनंतर जेवायचं नाही, खोटं बोलायचं नाही आणि नटायचं नाही — माळ नको, गंध नको, पावडर नको, काही नको. एका दिवसाची गोष्ट. आणि ही बाई पहिल्या रांगेत येऊन बसली, केसांत जुईचा गजरा, हा एवढा, ओठाला पण काहीतरी. मी माइकवर होतो. माइकवरच म्हटलं. म्हटलं, हा विहार आहे की लग्नाचा हॉल? देहाचं कौतुक सोडायला आलात की दाखवायला आलात? ताई, तुम्हीच, पहिल्या रांगेतल्या, उठा. उठली. दीडशे माणूस बघतंय. ऑफिसातनं सरळ आले, काढायचा राहिला, असं काहीतरी पुटपुटली — मी म्हटलं, मग आता काढा. काढला तिनं. रुमालात गुंडाळला, पर्समध्ये ठेवला. आणि माझ्याकडे बघितलं. रामभाऊ, बाई खाली बघते अशा वेळी, की नाही? हिनं नाही बघितलं. सरळ बघितलं, इथं, डोळ्यांच्या जरा वर, कपाळाच्याही वर — आणि काही बोलली नाही, बसली खाली. मी मनात म्हटलं, जिरली.

तर आमचे भन्ते म्हातारे, ते हसायला लागले. भन्ते हसले की मला भीती वाटते. म्हणाले, उपासक, देह काय, सगळ्यांनाच प्रिय असतो. दिवाळीच्या सुट्टीत शिबिर आहे, केस उतरवायचेत, कोण येतं पुढं? बायका सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. आत्ताच एवढा बोलला ना हा, आता बघू. माझा हात वर गेला. मी नाही नेला, गेला. खाली आणला तेव्हा कळलं आपण काय करून बसलोय. तोपर्यंत टाळ्या. चार महिने मला झोप नाही. दोनदा आजारी पडायचा विचार केला, एकदा बदलीचा अर्ज लिहिला.

काढून टाका म्हणतोस? एवढं काय त्यात? तू बोलतोस हे? न्हाव्यानं बोलावं? तुझ्या आज्यानं माझ्या बापाच्या डोक्याला कधी हात लावला नाही. गावच्या म्हशी भादरायचा तो, म्हशी चालायच्या त्याला, आम्ही नाही. — तुझा आजा नाही तर दुसऱ्या कुणाचा आजा, माझ्या हिशेबी एकच. बाप आईकडून केस कापून घ्यायचा, कापडाच्या कात्रीनं. मागनं पायऱ्या पडलेल्या असायच्या, जिन्यासारख्या. बाजारात गेला की पोरं मागनं मोजायची, एक, दोन, तीन. मीही मागनं चालायचो आणि मलाही दिसायच्या. मी ह्या अंबरनाथला नोकरीला लागलो ना, पहिल्या रविवारी सलूनमध्ये जाऊन खुर्चीत बसलो. पुढं आरसा, मागं आरसा. त्यानं माझ्या मानेला पांढरं कापड बांधलं आणि विचारलं, साहेब, कसे ठेवू? रडलो मी तिथं. डोळ्यात साबण गेला म्हणून सांगितलं. तेव्हापासून रोज भांग पाडल्याशिवाय दाराबाहेर पाय नाही टाकला. नीट राहा, स्वच्छ राहा, चार माणसांत मान वर करून बसा, हे आम्हाला बाबासाहेबांनी शिकवलं. नीट राहणं म्हणजे नखरा नाही! मी हॉलमधल्या मोठ्या फोटोच्या काचेत बघून भांग नीट करतो, हे भन्तेंनी एकदा बघितलं, तेव्हाही हसले. काच होती म्हणून बघितलं, त्यात काय एवढं. माझे केस म्हणजे माझ्या बापाचे केस आहेत, समजलं? ते असे उतरवून हातात द्यायचे नाहीत. — काय? पद्मजाचा गजरा? त्याचं काय? ते वेगळं. वेगळं म्हणजे कसं वेगळं? वेगळं म्हणजे वेगळं! तिचं वकीलपत्र घेतलंस का तू?

बडबड पुरे. मुद्द्याचं ऐक. विग मी इथं काढतो, ह्या पिशवीत ठेवतो. मागं झालर राहिलीय थोडी, कानावरून कानापर्यंत, ती तू उतरव, सगळं डोकं एकसारखं साफ कर, दोन ठिकाणी जरासं कापलं तरी चालेल, खरं वाटेल. आता राहिलं ते फडकं. आमच्या भन्तेंनी पद्धत पाडलीय, ज्याचं मुंडण त्याची आई नाहीतर बायको समोर पांढरं फडकं धरून बसते, पडणारे केस त्यात घेते, मग ते सगळे मिळून पिंपळाखाली पुरायचे. सुनंदा फडकं घेऊन बाहेर बसलीय. सकाळी मला म्हणाली, मी ह्यात काय झेलू? मी म्हटलं, तोंड मिट. तर तू असं कर. शिबिराला बसलेल्या त्या धर्मराजचे केस बघितलेस? काळेभोर आहेत, दाट. तुझ्या भावाच्या हातनं ते खाली पडले की मूठभर उचल, टॉवेलात घाल, इकडे आण. फडक्यात मी टाकतो. झालं काम. — खोटं? तू मला खोट्याचं सांगतोस? अरे, शीलं अजून घ्यायचीत. आधी डोकं, मग आंघोळ, मग चीवर, मग शीलं. घेतल्यावर नाही बोलणार खोटं, दहा दिवस एक शब्द नाही बोलणार. म्हणून तर आधी उरकतोय! पंचशील रोजचं आहे, ते सोड. — नाही म्हणतोस? परत बोल. नाही? रामभाऊ, तुझी टपरी कुणाच्या भिंतीला आहे? विहाराच्या. कमिटीत कोण म्हणालं, गरीब माणूस आहे, राहू द्या? मी. उद्या मीच म्हणीन, हलवा. दिवाळीचे दिवस आहेत, बायकापोरं आहेत तुला, विचार कर. मूठभर केस मागतोय, तुझी मान नाही मागत.

काय उपयोग नाही? म्हणजे काय, उपयोग नाही? धर्मराजचे केस टाकून काय उपयोग नाही? — नीट बोल. घाबरू नकोस, टपरीचं आपलं बोललो रागात, बोल. — कुणाला माहीत आहे?

सगळ्यांना म्हणजे कुणाला? धर्मराजला? बरं. बायकांना? म्हातारीला पण, त्या ठमाबाईला, जिला धड दिसत नाही तिला पण? — जयंतीला. चौकात. पण तो तर जागच्या जागी... पडला होता? कुठं? तुझ्या टपरीच्या पायरीपाशी. सगळ्यांसमोर. दहा मिनिटं मी तसा — आणि तू बघत होतास. मिरवणूक थांबली असेल. लेझीमची पोरं हसली असतील. — नाही हसली? का नाही हसली? कुणी गप्प केलं?

कोण? परत सांग.

पद्मजा. पद्मजानं उचलला. स्वतःच्या पदरानं धूळ झटकली, आणि माझ्या डोक्यावर बसवला. आणि म्हणाली... काय म्हणाली? "दादांना कुणी काही बोलायचं नाही, आजपासून कुणी काही बघितलं नाही." असं म्हणाली. आणि कुणी नाही बोललं. एप्रिलपासून. माझ्या पोरी पण होत्या तिथं... होत्या. म्हणून भांग उजवीकडे. तिला माहीत नव्हतं ना मी डावीकडे पाडतो. मी आपला सुनंदाला ओरडलो त्या दिवशी.

म्हणजे आषाढात मी तिला उभी केली तेव्हा तिला माहीत होतं. एक शब्द बोलली असती तर... माइक चालू होता, दीडशे माणूस होतं. एक शब्द. मी तर बोलतच होतो की, देहाचं कौतुक, देहाचं कौतुक. आणि हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे ऐकत होते. तू पण होतास का? दारात होतास.

आलीय ती आज? कुठं बसलीय? — सुनंदाजवळ. फडक्याचं दुसरं टोक धरून. आणि गजरा? आहे का केसांत? आज तर चालतो, आज तिचं काही शीलबील नाही. — नाही? सणाच्या दिवशी नाही? त्यानंतर कधीच नाही माळला? तुला काय माहीत, तू काय रोज — हो, तुझ्या टपरीवरनंच जाते ती ऑफिसला. चार महिने.

लाज वाटते रे मला. तुला सांगतोय, कारण तू बाहेरचा आहेस. बाहेरचा नाहीस म्हणा, माझ्याआधी तुलाच माहीत होतं सगळं. — नको, पाणी नको. मला हात लावू नकोस. आणि असा बघू नकोस माझ्याकडे, दया करायची असेल तर तुझ्या घरी जाऊन कर. केसबिस काही आणायचे नाहीत, कळलं? धर्मराजचे धर्मराजपाशी राहू दे. पाट मांडलाय ना माझा, पहिला? मग पाण्याचा तांब्या तिथं नेऊन ठेव, वस्तऱ्याला धार लाव. — हे काय, माइकवर आलंच माझं नाव. ऐकू येतंय मला, बहिरा नाही झालो. — पिशवीला हात लावू नकोस, काढलेला विग तिच्यात लपवायचा नाही. तो मी हातात घेईन, माझा मी घेईन, फडक्यात काहीतरी पडायला पाहिजे ना. ऊठ. उचल पेटी, चल, नीघ. कडी काढ. — अरे, लोटतोस कशाला दार? राहू दे उघडं. जा म्हटलं ना.