उरलेली दोन

वेणू : परत बोला, म्याडम. टाकीतली आमची दोन्ही गेली, म्हंजे कुटं गेली?

डॉ. सुनंदा : वेणूताई, आधी बसा. ते भ्रूण आम्ही संशोधनासाठी वापरले. गोठवलेला भ्रूण बाहेर काढल्यावर जास्त चांगला कसा जगेल, यावर आमच्या लॅबमध्ये काम चालू होतं.

वेणू : नि तुमचा फोन आला तवा मना वाटलं, दुसऱ्या पोरासाठी बोलावलंय. उपाशीपोटी धावत आली मी. तुमीच सांगितलंत ना, वेणूताई, तुमची बीजं आता संपली, टाकीत दोन हायेत तीच काय ती?

जगन : वेणू, हलू बोल. बाहेर बाया बसल्यात.

वेणू : ऐकू दे. त्यांची पन त्याच टाकीत हायेत.

डॉ. सुनंदा : हे बघा, मी विचारल्याशिवाय हात लावलेला नाही. मनस्वीच्या बारशाला ओवे गावात तुमच्या घरी आले होते. मांडवात मी जगनशेठना विचारलं, उरलेल्या दोघांचं काय करायचं? ते म्हणाले, काय विचारता, तुमचीच आहेत.

वेणू : बोल्लात असं?

जगन : बोल्लो असन. दारात आलेल्या पावन्याला आपन बोलतोच ना तसं.

वेणू : ऐकलंत? त्याच दिवशी यांनी मांडववाल्याला सांगितलं, घर तुमचंच हाय. तो नाय आला बोचकं घेऊन राहायला! नि मी? मी तुमच्या गाडीत तांदलाची गोन ठेवली, मनूला तुमच्या मांडीवर दिली नि बोल्ली, ही तुमचीच. मग या उद्या, तिला पन न्या लॅबमदी!

डॉ. सुनंदा : असं काय बोलता? चूक झाली, मी नाही म्हणत नाही. दोघांची लेखी संमती लागते, ती घ्यायची राहिली. आता सरकारी बोर्डाची माणसं तपासणीला येतायत. एकेका भ्रूणाचा अहवाल द्यावा लागतो. तुम्ही दोघांनी मागची तारीख टाकून सही केलीत, तर विषय मिटेल.

जगन : आनि संशोधनाचा परवाना? तो तरी हाय ना?

डॉ. सुनंदा : अर्ज केलाय.

जगन : म्हंजे नाय.

डॉ. सुनंदा : जगनशेठ, मनस्वी कुणामुळे झाली, ते तरी आठवा.

जगन : आठवतंय, म्हनून अजून खुर्चीत बसलोय.

डॉ. सुनंदा : नोंदणी रद्द झाली तर दवाखान्याला कुलूप लागेल. बाहेर बसलेल्यांनी काय करायचं? कुणाकुणाची इंजेक्शनं अर्ध्यावर आलीयेत.

वेणू : त्यांच्या आडून नका बोलू. मी पन त्याच बाकावर बसलेली. दर टायमाला तुमी बोलायच्यात, विश्वास ठेवा. ठेवला. सासरचे बोल्ले मुंबईला मोठ्या हास्पिटलात जा, तरी मी पनवेल सोडलं नाय. का, तर सुनंदा म्याडम हायेत. लाज वाटते आता मना त्याची.

जगन : चल, वेणू. सही नाय करायची आपन.

वेणू : थांबा. पेन द्या, म्याडम.

जगन : अगं, डोकं फिरलं का तुजं?

वेणू : तुमी गप बसा. मांडवात बोल्लात तेवढं पुरे झालं. म्याडम, मागची तारीख मी टाकनार नाय. आजची टाका. नि तुमच्या हातानं लिवा, वेणूला इचारलं नाय, परवाना नवता, तरी दोन्ही वापरली. त्याच्याखाली मी सही करते, मोठ्या अक्षरात.

डॉ. सुनंदा : असं लिहून दिलं तर मी संपले, वेणूताई.

वेणू : माजं संपलं, ते सांगताना तुमचा चा पन थंड नाय झाला.

(डॉक्टर कागद पुढे ओढतात. लिहीत मात्र नाहीत.)

डॉ. सुनंदा : एवढंच सांगते. त्या दोघांमुळे आम्हाला खूप कळलं. पुढे कितीतरी बायकांना त्याचा उपयोग होईल, खोटं नाही बोलत मी.

वेणू : ते खोटं नाय, म्हनूनच जीव जळतो ना. इचारलं असतंत, तर त्यातलं एक मीच दिलं असतं.