पहिला टेम्पो ओढला तेव्हा

आज आमच्याकडे ड्रायव्हर आहेत, पण सुरुवातीला कसं होतं ते ऐका. पेजरचे दिवस. हप्ते थकलेल्या गाड्या फायनान्स कंपनीसाठी ओढून आणायचा धंदा मी आणि दिलीपने सानपाड्यात सुरू केला. पहिलंच काम पावणे गावात, जाधवमामांचा टेम्पो. मामा साताऱ्याकडचे. कंपनीचं पत्र वाचलं आणि वाद न घालता चावी पुढे केली.

मी दिलीपकडे बघितलं, दिलीप माझ्याकडे.

"चालव ना," तो म्हणाला.

"मला फक्त स्कूटर येते. टेम्पो तुला येतो ना?"

"मला वाटलं, तुला येतो."

शेवटी मीच बसलो. गिअर टाकताना असला आवाज आला की मामांनी दारच उघडलं.

"उतरा खाली. दोन म्हैन्यात सोडवून न्यायचाय मला हा."

मग मामाच टेम्पो घेऊन निघाले, आम्ही दोघं शेजारी बसलो. तुर्भ्याला कंपनीच्या यार्डात वॉचमनने रजिस्टर उघडलं.

"गाडी कोणी आणली?"

मामांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि चावी वॉचमनच्या हातात ठेवली.

"मी येईस्तोवर ही ह्या दोघांना देऊ नका."