तेल चोळलेली ज्वारी

माहं माहेर काटोलकडलं, संत्र्याच्या मुलखातलं. लग्न होऊन मौद्याकडे आली तवा दाण्यातलं मले काही म्हणजे काही कळत नव्हतं, अन् पडली चक्कीवाल्याच्या घरी. सासऱ्याची पिठाची चक्की, मंग ती आमच्या ह्यांच्याकडे आली, मंग ह्यांची छाती पिठानं धरली, डॉक्टर म्हणे आता चक्कीत पाय टाकायचा नाही, तवापासून मीच चालवते. गावातले म्हणे बाई चक्की चालवन का, म्या म्हटलं बाई जात्यावर दळत होती तवा कोणाले नवल नाही वाटलं, आता बटन दाबते त्याचं काय नवल. पिठानं डोकं तेव्हाच पांढरं दिसे, आता खरंच पांढरं झालं तर कोणाले फरक कळत नाही.

काय सांगू तुम्हाले, चक्कीचा एक रिवाज आहे. एकाचं दळण संपलं की थोडं पीठ पाट्यात अडकते, थोडं खाली सांडते, ते झाडलेलं पीठ चक्कीवाल्याचं. कोणी मागत नाही, कोणी विचारत नाही. सासूबाई ते कोंबड्याइले टाकत, मीबी टाकते. म्हणजे गावात ज्याच्या घरी जे शिजते ते थोडं थोडं माह्या कोंबड्याच्या पोटात जातेच, असं समजा.

आता यंदाचं सांगते. ज्वारी भरली, कापायची वेळ आली अन् पाऊस सुरू झाला, थांबायचं नावच नाही. वसंता माहा दीर, शेजारचंच घर त्याचं. त्यानं कणसं ओलीच कापली अन् ताडपत्रीखाली ढीग मारला, म्हणे ऊन पडलं की काढू. ऊन कुठं पडते? मी एक दिवस ढिगात हात घातला तर आतून गरम, नुकत्या विझवलेल्या चुलीसारखं. बाहेर काढला तर बोटाले काळी-हिरवी बुरशी. म्या म्हटलं वसंता, हे गेलं गा. तो म्हणे वहिनी, धुतलं की निघते.

त्याची बायको कुसुम, माही जाऊ, कामाची मोठी. पाऊस उघडल्यावर तिनं कणसं बडवून सारी ज्वारी धुतली, स्लॅबवर वाळवली, अन् आमच्याकडे कोठीत भरायच्या आधी एरंडीचं तेल चोळतात ना, सोंड्याचे किडे लागू नये म्हणून, तसं चांगलं दोन्ही हातानं चोळलं. आता तेल लावलं की काळा दाणाही चकाकते. ती काही कोणाले फसवत नव्हती हो, घरच्याच खाण्याची ज्वारी होती. तेल चोळता चोळता तिचं तिलेच वाटू लागलं की दाणा चांगला आहे.

डबा भरून दळायले आणला. पीठ पडलं ते करड्या रंगाचं, अन् वास असा, जसं ओलं पोतं कोपऱ्यात विसरलं. म्या म्हटलं कुसुम, वास येऊन राहिला वं. ती म्हणे तेलाचा असन. मले काम होतं, मागं दळणाची रांग होती. झाडलेलं पीठ सांजच्याले कोंबड्याइले टाकलं. असं दोन-तीन वेळा झालं.

मंग कोंबड्या बसू लागल्या. पंख पाडून बसायच्या, दाणा टिपायच्या नाही, एक मेली की दुसरी. आम्हाले वाटलं मानमोडी आली, कोंबड्याइची साथ. ढोराच्या डॉक्टरले बोलावलं, साधा पोरगा आहे, त्यानं एक मेलेली फाडून पाह्यली. काळीज पिवळं, बोट लावलं तर भुगा. म्हणे मावशी, मानमोडी वाटत नाही, चारलं काय? म्या सांगितलं. त्यानं चक्कीखाली सांडलेले त्या ज्वारीचे दाणे वेचून पुडीत बांधले. मंग म्हणे बुरशी धुतल्यानं जाते, पण तिचं विष दाण्यात उतरते, ते धुतल्यानं जात नाही, भाकर भाजल्यानंही जात नाही. दाणा तपासायले पाठवतो, त्याशिवाय पक्कं नाही सांगता येत. म्या म्हटलं अन् माणसाले? तो म्हणे माणूस मोठा आहे, त्याले वेळ लागते.

बस, ते ऐकून मी तशीच कुसुमच्या घराकडे निघाली. काहून, तर कुसुमची पोरगी राणी बाळंतपणाले माहेरी आली होती. पोटुशी, अन् कडेवर पहिली पोरगी, चिमी, दीड वर्षाची. त्या लेकराले सकाळ-संध्याकाळ त्याच पिठाची आंबील. पोट दुखते म्हणून रडे, हगवण लागे, अन् कुसुम म्हणे दात येऊन राहिले.

गेली मी. म्हटलं ही ज्वारी पोट्टीले देऊ नका, राणीले तर बिलकुल नाही. कुसुम भडकली, मोठ्या बाई, तुमच्या कोंबड्या मेल्या तं माह्या घरचं अन्न काहून वाईट म्हणता? वसंता हसला, वहिनी आता कोंबड्याची डॉक्टरीण झाली, म्हणे आमचा बाप काळी ज्वारी खाऊन नांगर धरत होता. म्या म्हटलं तुहा बाप माहा सासरा होता, त्यानं काळी कणसं बांधावर जाळलेली म्या पाह्यली आहे, मले नको शिकवू. अन् सांगितलं, तुमचा डबा माह्या चक्कीत चढणार नाही. तर त्यानं डबा गाडीवर बांधला अन् मौद्याले दळून आणला. तिथं कोण वास घेते?

चक्की उघडून मी पाटा घासला, पुसला, तरी मनात येते, त्यांच्यामागं ज्याचं दळण होतं त्याच्या पिठात किती गेलं असन.

मंग एक दिवस राणी मागच्या दारानं आली. म्हणे मोठ्याई, थोडे तांदूळ देता का, चिमीसाठी. आईले सांगू नका. म्या म्हटलं तुह्यासाठीबी ने. इथंच बसून जेवत जा. तवापासून चिमीचं पोट हळूहळू ठिकाणावर आलं, खेळू लागली. कुसुमनं ते पाह्यलं, अन् आता तिच्याही चुलीवर भातच शिजते. माह्याशी मात्र अबोला.

ज्वारी? फेकली असन असं वाटलं ना तुम्हाले? नाही बाई. व्यापारी टेम्पो घेऊन आला, मूठ भरून नाकाले लावली, हसला अन् म्हणे चालते, चांगल्यात मिसळून टाकू. वसंतानं पोते उचलून दिले. मी आडवी गेली तर म्हणे वहिनी, आता आम्ही खात नाही ना, मंग तुमचं काय दुखते? टेम्पो नागपूरच्या रस्त्यानं गेला. कोंबडीच्या खाद्यात गेली का पिठाच्या पाकिटात, मले माहीत नाही, वसंतालेही नाही.

डॉक्टरनं पाठवलेल्या दाण्याचं उत्तर अजून आलं नाही. राणीले नववा लागला. नागपूरच्या डॉक्टरीणबाईले काय काय खाल्लं ते सारं सांग, असं तिले बजावलं, ती म्हणते सांगितलं. पण मोठ्याई, पोटातल्याले काही झालं असन का, असं विचारते तवा मी खोटं काहून बोलू, मी म्हणते मले नाही माहीत माय. रोज सांजच्याले चक्कीच्या ओट्यावर येऊन बसते, माहा हात धरून पोटावर ठेवते, म्हणे पाहा, हलून राहिलं. हलते खरं. हलत राहो बाप्पा, एवढंच म्हणते मी, अन् हात तसाच ठेवते.