दोन बोटं लूज

— आता श्वास सोडा. सोडा हो! माझ्यासमोर उभं राहिलं की सगळेच पोट आत ओढतात, आणि मग मुलीच्या लग्नात जेवायला बसलात की पहिलं बटण थेट व्याह्यांच्या ताटात. पँट कशी, आहोत तसं राहून घालायची असते. हां, असं. आता हलू नका, मी खाली बसून पायाची मोहरी बघतो. तर काय सांगत होतो? समोरचं कुलपांचं दुकान. तुम्हीच विचारलंत ना, कुणाचं म्हणून? नाही विचारलंत? मग मघापासून काचेतून तिकडे काय बघताय? तुम्ही नाही, मी बघतोय? असेल. समोर दुकान असलं की माणूस बघणारच, डोळे काय खिशात ठेवायचे? पण मला त्या माणसाचं नावसुद्धा काढायचं नाही. कुलूपवाला म्हणा. आमच्या मिशा फुटायच्या आधीपासूनची मैत्री — होती. होती म्हणतोय मी, नीट ऐका.

दरवर्षी आम्ही दोघं नदीवर जायचो. चांगले चार-सहा दिवस, तंबू घेऊन, वरच्या अंगाला, जिथे पाण्याला ओढ आहे आणि तळाला गोटे आहेत. मिशाळ धरायला. मिशाळ माहीत नाही? मासा हो — लांबोडका, पिवळसर अंगाचा, तोंड खालच्या बाजूला आणि तोंडाला चार मिशा. त्या मिशांनी तळ चाचपत फिरतो, म्हातारा माणूस अंथरुणात चष्मा शोधतो ना, तसा. आणि ताकद म्हणाल तर गळाला लागला की माणसालाच ओढून नेईल. खायचा नाही हं, नुसते काटे. धरायचा, मापायचा, सोडून द्यायचा. आमची ही म्हणते, एवढे दिवस बाहेर राहून रिकाम्या हाताने येता, मग जाता कशाला? आता हे बायकोला कसं समजावायचं? तुम्हाला तरी तुमच्या बायकोला काही समजावता येतं का? तेच.

पण त्याच्यासाठी मासा नुसता मासा नव्हता. त्याचं काय झालं — त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, विमा विकतो, सारखा खो-खो हसत असतो — तो एकदा, आयुष्यात एकदाच, आमच्याबरोबर नदीवर आला, पायातले बूटसुद्धा काढले नाहीत, आणि पहिल्याच फटक्यात हा एवढा मिशाळ धरला. फोटो काढला, मोठा केला, चौकट केली, खाली सोनेरी अक्षरांत लांबी लिहिली आणि बहिणीला भेट दिली. वहिनींनी तो लावला कुठे? जेवायच्या टेबलासमोर! म्हणजे हा बिचारा रोज दोन्ही वेळा मेहुण्याकडे आणि माशाकडे बघत जेवतो. मेहुणा हसतोय, मासा हसत नाही. वहिनी म्हणाल्या होत्या, ह्याच्याहून मोठा धरा, त्या दिवशी उतरवते. झालं, माणूस पेटला. त्याला दुसरं काही नको होतं हो, एक भिंत रिकामी हवी होती.

तर ह्या खेपेला निघताना स्वारीने एक पत्र्याची पेटी आणली. सगळं खाणं तिच्यात, चहा-साखर तिच्यात, फोनसुद्धा तिच्यात, ओला होईल म्हणून. आणि पेटीला कुलूप, स्वतः बनवलेलं. मी म्हटलं, अरे, नदीवर चोर कोण येणार, बेडूक? तर म्हणाला, मास्तर, हे कुलूप दुनियेत कुणाला उघडता येणार नाही. खरं बोलला. त्यालाही आलं नाही. किल्ली हरवली? छे, किल्ली हातात होती, पण फिरेल तर शपथ! पहिली संध्याकाळ तो पेटीला कान लावून बसला, डॉक्टर बसतो तसा. सकाळी मी दगड उचलला तर माझ्यावर धावून आला — कुलपाला हात लावशील तर याद राख! आता उघड्यावर काय उरलं? माशाचं आमिष. उकडलेले मक्याचे दाणे आणि चीजचे तुकडे. तेच खाल्लं आम्ही. एक दाणा गळाला, एक मला, एक त्याला. त्यातही माशाला कमी पडू नये म्हणून हा अर्ध्या पोटी उठायचा. हसू नका, पाय हलतोय तुमचा, टाचणी लागेल.

आणि एका सकाळी लागला. काठी अशी वाकली, हा कमरेएवढ्या पाण्यात, मी मागून ह्याचा पट्टा धरलेला, आणि हा ओरडतोय, सोडू नकोस, सोडू नकोस — मला कळेना, मला सांगतोय की स्वतःला. शेवटी जाळ्यात घेतला. अहो, काय मासा! एका बाजूची मिशी टोकाला दुभंगलेली, रुबाब असा की मीच दोन पावलं मागे सरलो. फोटो कसा काढणार, फोन पेटीत. माझा? माझा फोन मी घरीच ठेवतो, नाहीतर आमची ही दर तासाला विचारते, मिळाला का. पण मी म्हटलं, घाबरू नकोस, माझ्या गळ्यात टेप आहे. असतेच, झोपतानासुद्धा काढत नाही. आणि माझं माप मेहुणासुद्धा मानतो, त्याचे कोट मीच शिवतो. मास्तर म्हणाले म्हणजे झालं. तर मी ओल्या गवतावर गुडघे टेकले, टेप लावली, आणि छाती एवढी, कंबर एवढी, लांबी एवढी, धडाधड सांगून मोकळा. हा नाचायलाच लागला. मेहुण्याच्या माशापेक्षा बोटभर जास्त! मुका घेतला त्याने माशाचा. मग पाण्यात नेऊन प्रवाहाकडे तोंड करून धरला. हा मासा दमतो बरं का, झुंजून झुंजून पार थकतो, तसाच सोडला तर उताणा होऊन मरतो. दम परत येईपर्यंत हातात धरून ठेवावं लागतं. तर हा धरून उभा, आणि माशाला म्हणतोय, फार उपकार झाले हं तुमचे, वहिनींनाही सांगतो. वहिनी कोण? त्याचीच बायको! माणूस किती खूश असेल बघा, बायको आपली की माशाची, हेसुद्धा कळेना. आणि सोडला. गेला मासा.

दुसरा पाय पुढे घ्या. मग आम्ही गरम पाणी पीत बसलो, चहा पेटीत होता ना. तो त्या भिंतीवर आता काय लावायचं, ह्याचा विचार करत होता. घड्याळ लावू की आरसा? की काहीच नको, नुसती भिंत? एवढं सुख मी त्याच्या चेहऱ्यावर त्याच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख पडलं. टेपेवर दिसलं ते मी सांगितलंच नव्हतं. सवयीने दोन बोटं लूज धरून सांगितलं होतं! म्हणजे काय, अहो, कोट कुणी अंगाला चिकटवून शिवतं का? हात वर गेला पाहिजे, श्वास घेता आला पाहिजे. माझ्या तोंडून आकडा निघतो तोच दोन बोटं वाढवून. तुमचंही तसंच घेतलंय. माशालाही मी लूज दिलं! तो काय कोट घालून मिरवणार होता? पण तोंडाला वळण पडलेलं, करणार काय. गप्प बसायचं होतं, म्हणता? आमची हीसुद्धा तेच म्हणाली. मला नाही राहवलं. मी म्हटलं, अरे, त्यातली दोन बोटं तेवढी वजा कर हं. त्याच्या हातातला पेला तसाच राहिला. मला विचारतो, का, तो वाढत्या अंगाचा होता का?

बोटभर जास्त होता, तो बोटभर कमी झाला. मग उरलेले दिवस आम्ही काय केलं असेल? तोच मासा शोधत बसलो. एवढी मोठी नदी, आणि आम्हाला हवा एक मासा. त्याचं म्हणणं, टेप ओली होऊन लांबली असेल, म्हणून माप कमी भरलं असेल, पुन्हा मापू. आणि लागला कुणाला? मला! तोच, दुभंगलेल्या मिशीचा. त्याने मला ओळखलं असं मी म्हणणार नाही, पण टेप काढल्याबरोबर मुकाट्याने सरळ पडून राहिला. मापला. तेवढाच. आमचा इतका मका खाऊन मेला तेवढाच! मी त्याला पाण्यात धरून उभा, आणि हा माझ्यासमोर छातीएवढ्या पाण्यात येऊन म्हणतो, मास्तर, दोन बोटं. नुसती दोन बोटं. गावभरच्या पोटांना लूज देतोस, मला दे. मी म्हटलं, माप म्हणजे माप. तो म्हणाला, मेहुणा तुझा शब्द मानतो. मी म्हटलं, म्हणूनच. तो म्हणाला, तुला माझ्यापेक्षा टेप मोठी? आणि मी — तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? माझ्या जागी हं, नीट विचार करून सांगा — मी म्हटलं, हो. आमचं चाललंय, मासा दोघांच्या मध्ये, दम खात. त्याचा दम भरला, त्याने शेपूट फाडकन माझ्या तोंडावर मारली आणि तो गेला. आणि हा म्हणाला, बरं केलं.

येताना गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसलेला. पेटी मांडीवर, तशीच बंद. त्याला आता बरेच दिवस झाले. ह्या काचेच्या दाराला कुलूप त्याचंच आहे, आणि आम्ही परत आलो त्याच आठवड्यात तेही अडकून बसलं, दार उघडतच नाही. त्याला बोलवू? मी? मरेन पण बोलावणार नाही. म्हणून तर तुम्हाला मागच्या खिडकीतून, स्टुलावरून यावं लागलं, माफ करा हं, मघाशी सांगायचं राहिलं. सगळी गिऱ्हाइकं तशीच येतात. परवा एक बाई आल्या, शांतपणे उतरल्या, ब्लाउजचं माप दिलं आणि गेल्या, कुणी काही विचारत नाही. विचारायचं कशाला? पण त्याचं सांगतो, त्याने काय केलं माहीत आहे? परवा दुकान उघडायला आला तो तयार शर्ट घालून. विकतचा! कॉलर मानेला टोचतेय, बाह्या बोटांपर्यंत लोंबतायत, आणि हा मुद्दाम माझ्या समोर उभा राहून जांभई देतोय. लहानपणापासून त्याच्या अंगाला दुसऱ्या कुणाची सुई लागलेली नाही. भांडावं माणसाने, शिव्या द्याव्यात, दगड मारावा काचेवर, पण तयार शर्ट? मला करमत नाही हो. खोटं कशाला बोलू? दुपारचा चहा मी दोन कप मागवतो आणि दुसरा झाडाला घालतो. झाड मेलं.

असो, झाली तुमची पँट. या, आता कोट बघू. कच्ची शिलाई आहे, जपून घाला, आधी डावा हात — हां. कापड मात्र सुरेख आणलंत तुम्ही, कात्री लावली तेव्हाच म्हटलं, ह्याचा कोट असा उठून दिसेल. वळा. आरशाकडे तोंड करा. काय म्हणता, पोटात? पोटात लूज असणारच, सांगितलं ना मघाशी, दोन — नाही, हे फार आहे. माझी मूठ जातेय आत. तुम्ही बारीक झालात का? नाही? लग्नाच्या धावपळीत होतं असं. नाही झालात? हात खाली सोडा. बाह्या आखूड का आल्या? मनगट उघडं पडलंय तुमचं. सरळ उभे राहा, डावीकडे झुकू नका. सरळच उभे आहात? मग हा डावा खांदा खाली का उतरलाय? तुमचे दोन्ही खांदे तर सारखे आहेत.

थांबा. बोलू नका जरा.

हा खांदा मी उतरता कापलाय. हत्यारांची जड पिशवी वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर टांगून फिरलं की असा उतरतो, त्याला असाच कापावा लागतो, नाहीतर मागे चुणी पडते. मी कापत होतो तेव्हा तो समोर दार पुसत होता. मी तिकडे बघत होतो आणि हात आपला चालला होता.

तुमचा मी दुसरा शिवून देतो. कापड माझं, शिलाई माझी, लग्नाच्या आधी देतो, अगदी वेळेवर. चिडा, काय वाट्टेल ते बोला, पण आधी तो उतरवा. उतरवा म्हणतो ना! ओढू नका तसा, टाके तुटतील. बाहीला हात लावू नका. हळू. दुसऱ्याचा आहे तो.