धंदा : काई नाई

पण साहेब, तुमी बसा तर खरं — दप्तर काहून बांधून राहिले? चावडीत आता कोणी नाई, म्हणूनच मी ह्या वक्ताले आलो. वळखलं ना मले? खुशालराव — ज्याच्या बंडीच्या चाकाले चांदीच्या धावा हायेत थो. हायेत म्हणजे होत्या. कापसाचा भाव चढला तवा बसवल्या, तिकडं अमेरिकेतली लढाई सरली तशा उतरवल्या — जाऊ द्या, थे सांगाले नाई आलो. तुमच्या खानेसुमारीसाठी आलो. दिवाळीनंतर तुमी माणसं मोजाले आल्ते, माह्या ओट्यावर बसून इचारलं — घरात कोण कोण, धंदा काय? म्हणलं, खुशालराव, धंदा शेती. मंग बायकोचं इचारलं. परक्यापुढं बायकोचं नाव घ्या लागते हेच केवढं लाजेचं — घेतलं कसंतरी, मैनाबाई. अन् धंदा? मी हासलो. म्हणलं, तिले कायचा धंदा, लिवा — काई नाई. तुमीबी हासले. हासलेच होते, साहेब. अन् थे दारामागं पीठ चाळून राहिली होती — तिनं आयकलं.

दुसऱ्या दिवशी उठलो तर चूल थंडी. बाई ओट्यावर बसेल — नवं लुगडं नेसून, पाय लांब करून. म्हणलं, दुखते का काई? म्हणे, नाई. मंग भाकर? म्हणे, 'माह्याकडं काम नाई असं सरकारनं लिवलं — सरकारच्या इरुद्ध कशी जाऊ? तुमालेच बेड्या पडतीन.' मले वाटलं, मजाक. कायची मजाक! दळाले मी बसलो तर जात्याचा खुंटाच हातात आला. म्हैस हंबरून हंबरून गाव गोळा करे, मले पायलं का लाथ मारे — शेवटी मैनाचं जुनं लुगडं आंगाले गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला अन् बसलो धार काढाले. म्हशीनं दूध देल्लं, साहेब! पण तेवढ्यात पाटील आले. काहून आले थे नका इचारू — आले, पायलं, अन् दुपारपर्यंत गावभर झालं.

तिचं पाहून शेजारच्या नत्थुजीची जमुनावहिनीबी बसली. मंग नत्थुजीनंच अक्कल काढली — मजुरी देल्ली तर धंदा लिवतात ना? मंग माही बायको तुह्या घरी सैपाकाले, तुही माह्या घरी. झालं! तुमी दुसऱ्या फेरीले आले अन् दोघीपुढं लिवून नेलं — सैपाकीण. वरून म्हणले, गावात दोन कमावत्या बाया वाढल्या, अकोल्याचे साहेब खूश होतीन. अहो, चुली त्याच, बाया त्याच, भाकरी त्याच — वाढलं काय? म्हणे, आकडा वाढला. बरं बापा, वाढला.

जमुनावहिनीचा सैपाक चांगला हाय — खोटं काहून बोलू. पण तिनीसांजा झाल्या का पदर झटकून थे आपल्या घरी. अन् तिकडून मैना येते, येते अन् पडते. म्हणते, मजुरीवरून आली, थकली. आता हिले 'घरचं कर' म्हणाव तर कोण्या तोंडानं? मागच्या आठोड्यात मले ताप भरला. पाणी मांगतलं — थे उठली, घोट पाजला, कपाळावर हात ठेवला. मले वाटलं, चला, मिटलं. म्हणलं, सोड नत्थुजीचं काम, घरी ये. तर म्हणे —

म्हणे, 'कोण्या कामावर?'

मंग तिनंच सांगतलं, साधं, आवाज न चढवता. सरकी टोबते कोण — थे. निंदते कोण — थे. बोंडं वेचून बोटं कोणाची सोलतात — तिची. अन् मी? मी अमरावतीच्या बाजारात गाठोड्यावर बसतो अन् भाव आयकतो. म्हणजे आयकाच लागते ना, कोणीतरी आयकाच लागते! ...म्हणे, 'शेती माह्या नावापुढं लिवून आणा, मंग येते.' म्हणलं, अन् माह्या नावापुढं? तर नुसती पाहून राहिली माह्याकडं.

तर लिवा. तिच्यापुढं सैपाकीण खोडा अन् लिवा — शेती. अन् घरकामबी लिवा, म्हैस, दळण, सारं — त्याले तुमच्या कागदात खानाच नाई? मंग शेती तरी. अन् माह्यापुढं... थेच. तिच्यापुढं तवा लिवलं होतं थे. हळू बोला न साहेब, इहिरीवरून बाया येऊन राहिल्या. खोडलं? लिवलं? आता एकडाव वाचून दाखवा, घरी सांगा लागते. हं — मैनाबाई, धंदा शेती. बराबर. पुढं? खुशालराव, धंदा —

नाई. राहू द्या. नका वाचू. बांधा तुमचं दप्तर. निंघा.